मदत हवी आहे: हा बारीक गाळ बर्फाखालच्या पाण्याचाच कशावरून?

अंटार्क्टिकातल्या पाइन आयलंड बेच्या गाळावर एमएस्सीचं डेझर्टेशन चालू आहे. कोअरमध्ये (समुद्रतळातून नळीने काढलेला गाळाचा उभा नमुना) खाली खडेमिश्रित टिल (बर्फाने थेट टाकलेला, न चाळलेला गाळ) आणि त्यावर एकदम मऊ, जवळपास एकाच मापाचा सिल्ट (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड गाळ), खडे जवळजवळ नाहीतच. हा बर्फाच्या चादरीखालून वाहत आलेल्या पाण्याने ग्राउंडिंग लाइनपाशी (जिथे बर्फ तळ सोडून तरंगायला लागतो) सोडलेला असं मानतात आणि तिथल्या तळखडकात कोरलेले चॅनेल बघता पटतंही, पण समुद्राचे तळप्रवाहसुद्धा गाळ असाच चाळतात ना! लेझर ग्रेन-साइझ झालंय (आधी पेरॉक्साइडने ऑरगॅनिक, सोडियम कार्बोनेटने डायटम या सूक्ष्म शैवालांची सिलिका काढून), मोड म्हणजे सगळ्यात जास्त आढळणारं माप 10 मायक्रॉनच्या आसपास येतोय, पण तेवढ्यावर गाइड ऐकत नाहीत. सॅम्पल चिमूटभरच उरलंय, एसईएम (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) मिळेल, आयसोटोपचं बजेट नाही म्हणून ते सुचवू नका. कणांच्या आकारावरून किंवा पृष्ठभागावरून हे दोन वेगळे ओळखता येतात का, आणि त्यासाठी नेमके कुठल्या मापाचे कण बघायचे?