ओचोआ एवढा भारी होता तर मोठ्या क्लबनं घेतला का नाही?

रंकाळाकर_विनू:
नमस्कार मंडळी, कीपरिंग केलेल्यांनी जरा नीट सांगा. माझा भाचा पंधरा वर्षांचा हाय, पेठेतल्या एका संघाच्या पोरांच्या टीमात गोलात उभारतोय. वर्ल्ड कप आला की अख्ख्या कोल्हापुरात ब्राझील नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे, पण ह्याच्या कपाटावर मेक्सिकोचा गिलेर्मो ओचोआ. आता त्याचे दोस्त म्हणायलेत की तुझा ओचोआ चार वर्षांतनं एकदा दिसतो, ब्राझीलला अडवला म्हणून नाव झालं, नाहीतर रिअल, बार्सा, मँचेस्टर कुणीच कसा विचारला नाही? पोरगं नाराज झालंय आणि मला त्याला खरं उत्तर द्यायचंय, नुसती समजूत घालायची नाही. खरंच काय कारण होतं? आणि कीपरनं ओचोआकडनं शिकावं का नॉयर, अलिसन बघावेत?

शिवाजीपेठकर:
भावा, २०१४ च्या वर्ल्ड कपची ती ब्राझील-मेक्सिको मॅच आपल्याकडं रात्री साडेबाराला चालू झालेली, फोर्तालेझाला. मी ब्राझीलवाला, सगळी गल्ली ब्राझीलवाली. नेमारनं हेडर खाली कोपऱ्यात मारला, आम्ही गोल म्हणून उठलोच होतो आणि ह्यानं उजव्या हातानं गोललाइनवरनं बॉल बाहेर काढला. शेवटी शेवटी थियागो सिल्वाचा हेडर, अगदी जवळनं, तोपण अडवला. ०-० सुटली आणि मॅन ऑफ द मॅच तोच. त्या रात्री त्याच्यावर राग राग केला पण मनातनं मानलं. आणि एक सांगतो, स्पर्धेच्या आधी ओचोआच खेळणार हे नक्की नव्हतं. २०१२ च्या ऑलिम्पिकला ब्राझीललाच हरवून सोनं घेतलेला हेसूस कोरोना संघात होता, कोच मिगेल एरेरानं त्याला बाकावर बसवून ह्याला घेतलं. भाच्याला सांग, दोस्तांना म्हणावं आधी ती मॅच पूर्ण बघा मग बोला.

जाळीपुढची_ताई:
विनूदादा, मी मुलींच्या टीममध्ये बरीच वर्षं कीपर होते, आता लहान पोरींना शिकवते, त्यामुळं ह्या माणसाचं करिअर मी अगदी बारकाईनं बघितलंय. कारण एक नाही, तीन-चार गोष्टी एकात एक अडकल्यात.

पहिलं म्हणजे तो युरोपात उशिरा गेला. २००४ ला विशीच्या आत मेक्सिकोतल्याच क्लब अमेरिकाकडनं खेळायला लागला, २००५ ला लीग जिंकली, २००६ च्या वर्ल्ड कपला तिसरा कीपर म्हणून गेला. अझ्टेका स्टेडियमवर खेळायचं, पैसा चांगला, लोकं डोक्यावर घेतायत, तिथनं उठून कोण लगेच जातंय? गेला तेव्हा २६ वर्षांचा होता. आणि त्याच वर्षी, २०११ ला, गोल्ड कपच्या वेळी मेक्सिकोच्या पाच खेळाडूंच्या चाचणीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं, त्यात हा पण. नंतर ते दूषित मांसातनं आलं असं मानलं गेलं आणि पाचही जण सुटले, पण ट्रान्सफरचा काळ कुणासाठी थांबत नाही. पॅरिसच्या पीएसजी ह्या मोठ्या क्लबाकडं जाणार अशा बातम्या होत्या आणि पोरगा गेला कुठं, तर कोर्सिका बेटावरच्या अजाक्सिओला, फ्रान्सच्या वरच्या लीगमध्ये नुकत्याच चढलेल्या क्लबात.

दुसरं पासपोर्टचं. स्पेनमध्ये मॅचला युरोपबाहेरचे तीनच खेळाडू घेता येतात, फ्रान्समध्येपण मर्यादा. आता तुम्हीच क्लबचे मालक असाल तर त्या तीन जागांतली एक कीपरवर घालवाल का ब्राझीलचा एखादा स्ट्रायकर आणाल? आपल्या पेठांतपण बाहेरचा खेळाडू आणायचा झाला की आधी गोल मारणाराच शोधतात, कीपर आपल्याच तालमीतला असतो. आणि कीपरची जागा संघात एकच, विंगरला पंधरा मिनिटं तरी मिळतात, दुसऱ्या नंबरच्या कीपरला अख्खा सीझन ट्रॅकसूटमध्ये काढायला लागतो. मोठ्या क्लबात आधीच कुणीतरी पाय रोवून उभा असतोच.

साइडलाइन_सुरेश:
ताईंचं सगळं पटलं पण एक बाजू राहिली. ओचोआ पायानं खेळणारा कीपर नव्हता. २०१० नंतर बार्सा, बायर्न सगळ्यांना मागनं पास देत बॉल वर नेणारा कीपर पाहिजे झाला, नॉयर बघा, पार हाफवेपर्यंत येतोय. ओचोआ लाइनवरचा राजा, पण क्रॉसला, म्हणजे बाजूनं हवेतनं येणाऱ्या बॉलला, बाहेर येण्यात तेवढा भरवशाचा नाही, आणि उंची १.८५ मीटर, आजच्या कीपरांत कमीच म्हणायची, बेल्जियमचा कीपर कोर्तुआ दोन मीटरच्या घरात हाय. आणि स्पेनच्या ग्रानाडा क्लबात एका सीझनला ८२ गोल खाल्ले, ते कुठं लपवायचं?

जाळीपुढची_ताई:
सुरेशदादा, पायाचं आणि क्रॉसचं खरंय, मी पोरींना शिकवताना क्रॉससाठी त्याचं उदाहरण देत नाही. पण ८२ गोलांवरनं कीपर मोजू नका. २०१६-१७ चा तो ग्रानाडा लीगमध्ये तळाला गेला, पुढचे दहा जण कोलमडलेले, आणि ओचोआ सगळ्याच्या सगळ्या ३८ मॅचेस खेळला. दर आठवड्याला माहितीये की आज परत चार-पाच बसणार, तरी पुढच्या आठवड्याला ग्लोव्हज घालून उभारायचं, ही गोष्ट मला ब्राझीलच्या मॅचपेक्षा मोठी वाटते. आणि त्याच्या आधी स्पेनच्याच मालागा क्लबात काय झालं ते बघा. वर्ल्ड कपमध्ये जगभर नाव झालं तेव्हा त्याच्याकडं क्लबच नव्हता, अजाक्सिओ खालच्या लीगमध्ये घसरलेलं, करार संपलेला. मालागानं घेतला आणि तिथं कामेनी पहिला कीपर. पहिल्या सीझनला लीगमध्ये एक मॅच नाही! २०१६ मध्ये कामेनी जखमी झाल्यावर कुठं संधी मिळाली. एवढ्यात कितीतरी जण परत घरी गेले असते. हा नंतर बेल्जियमला स्टँडर्ड लीजकडं गेला, २०१८ ला तिथला कप जिंकला, मग परत क्लब अमेरिका, मग ३७ व्या वर्षी इटलीत सालेर्निटाना. आणि मधेच टोकियो ऑलिम्पिकला पोरांबरोबर जाऊन ब्राँझ आणलं.

त्यामुळं भाच्याला सरळ सांगा की बाळा, मोठ्या क्लबनं घेतला नाही हे खरंय आणि त्याची कारणं अशी अशी होती, त्यातली काही त्याच्या खेळातली पण होती. पण २००६ ते २०२२ पाच वर्ल्ड कपच्या संघांत असणं, त्यातल्या पहिल्या दोन्हींत एक मिनिट न खेळता बाकावर बसणं (२०१० ला ३७ वर्षांच्या ऑस्कर पेरेझला खेळवला, ओचोआला नाही) आणि मग पुढच्या तीन वर्ल्ड कपांत पहिला कीपर होणं, हे नशिबानं होत नाही. वाट बघत असताना सराव ढिला पडू दिला नाही म्हणून झालं. पंधरा वर्षांच्या कीपरला शिकायला ह्याच्याइतकी चांगली गोष्ट मला दुसरी माहिती नाही, कारण त्याला पण कधीतरी बाकावर बसायला लागणारच हाय.

रंकाळाकर_विनू:
ताई लई आभार, हे सगळं त्याला वाचूनच दाखवलं. पाच वर्ल्ड कपातले दोन बाकावर हे त्याला माहितीच नव्हतं, एकदम गप्प होऊन ऐकत बसला. आता म्हणतोय कुठल्या मॅचेस बघू, ब्राझील सोडून. हायलाइट्स नको, शिकण्यासारखं सांगा.

जाळीपुढची_ताई:
२०१४ चीच नेदरलँड्सची घे, हरलेली मॅच. दुपारचं ऊन एवढं की खेळ थांबवून पाणी प्यायला दिलं. कॉर्नरवरनं दे व्राय जवळनं मारतो आणि ओचोआ बॉल पोस्टवर ढकलतो, तेव्हा बॉल येण्याआधी त्याचे पाय कुठं होते ते थांबवून थांबवून बघायला सांग, सगळी जादू पायांच्या छोट्या पावलांत हाय. ८८ व्या मिनिटाला स्नायडरनं मारला तो कुणालाच अडला नसता. मग २०१८ ची जर्मनीची, क्रूसची फ्रीकिक बोटांनी क्रॉसबारवर घातली. आणि २०२२ ला पोलंडच्या लेवांडोव्स्कीची पेनल्टी. लेवांडोव्स्की पळत येताना मधेच थबकतो, कीपर आधी हलला की दुसरीकडं मारतो, ओचोआ शेवटपर्यंत जागेवर थांबला. हे थांबणंच शिकायला अवघड असतं. शनिवारी ग्राउंडवर आलात तर पोराला घेऊन या, पाच-दहा पेनल्टी मारून बघू किती थांबतोय ते.