रिक्त पदांच्या वेतनाची तरतूद राखून कशी ठेवावी?

प्रश्न : ग्रामपंचायत सदस्य
आमच्या उपकेंद्रातील आरोग्यसेविकेचे पद दोन वर्षांपासून रिकामे आहे. फलकावर नावाच्या जागी खडूने ‘रिक्त’ असे लिहिलेले आहे आणि शेजारच्या उपकेंद्रातील ताई आठवड्यातून एकदा व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला अडकवून येतात. मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा निकष आहे. पण एकाच ताईंकडे दोन उपकेंद्रे आली की त्याला अर्थ उरत नाही. पद मंजूर आहे, मग त्याच्या वेतनाचे पैसे जातात कुठे, आणि ते आरोग्यासाठीच राखावेत ही मागणी कशी मांडावी?

उत्तर : निवृत्त लेखाधिकारी
पद मंजूर असणे आणि त्याच्या वेतनाची तरतूद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि खरी मेख येथेच आहे. रिक्त पदांपोटी तरतूद झालीच, तर सुधारित अंदाजाच्या वेळी, म्हणजे चालू वर्षाच्या खर्चाचा फेरअंदाज काढताना, ती बचत म्हणून दिसते. ती समर्पित करावी, म्हणजे शासनाला परत करावी लागते, नाहीतर ३१ मार्चला व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पुढील वर्षाचा अंदाज मागील खर्चावर बेतला जात असल्याने त्या पदामागचा पैसा आटत जातो, आणि उद्या उमेदवार रुजू झाला तर वेतनासाठी पुरवणी मागणीची, म्हणजे वर्षाच्या मध्येच मंजूर होणाऱ्या जादा तरतुदीची, वाट पाहावी लागते.

म्हणून नुसते ‘पद भरा’ असे लिहू नये. मंजूर, भरलेली व रिक्त पदे आणि वेतनातून समर्पित झालेली रक्कम ही माहिती माहिती अधिकारात जिल्हा परिषदेकडे मागावी, आणि ती रक्कम आरोग्याबाहेर वळवू नये, असा ठराव ग्रामसभेत, अर्थसंकल्पीय अंदाज तयार होण्यापूर्वी, करावा. असे संरक्षण देणे शासनाला अशक्य नाही : ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने कोविडकाळात नवीन पदभरती थांबवली, तेव्हाही सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग त्यातून वगळले होते.

उत्तर : बालविकास प्रकल्पातील कर्मचारी
साहेबांशी मी सहमत आहे, परंतु भरतीच अडली तर राखलेली तरतूदही वर्षअखेर निरुपयोगी ठरते. सार्वजनिक आरोग्य विभागाची ऑक्टोबर २०२१ मधील गट क व गट ड ची परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द करावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे ठरावात भरतीची मुदतही मागावी. आमच्याकडे एका मुख्यसेविकेवर (अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिकेवर) तीन बीटांचा, म्हणजे अंगणवाड्यांच्या तीन गटांचा, भार आहे. अंगणवाडीत त्या आहाराच्या नोंदवहीवर सही करून पुढे जातात, आणि बाळाचे वजन करताना काटा शून्यावर आणला होता का, हे पाहायला त्यांना वेळ उरत नाही. कंत्राटी नेमणूक ही तात्पुरती सोय म्हणून मान्य करावी, मात्र तिच्या नावाखाली नियमित पद निरसित (रद्द) होणार नाही, हे लेखी घ्यावे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनःपूर्वक आभार. माहिती अधिकाराचा अर्ज या आठवड्यातच देतो आणि ठरावाचा मसुदा, मुदतीच्या कलमासह, येथे तपासणीसाठी ठेवतो.