शब्दचर्चा: 'आगाऊ मानधन' आणि टॉमस हार्डीचे 75 पौंड

प्रश्न: 'डेस्परेट रेमेडीज' (1871) या इंग्रजी कादंबरीकार हार्डीच्या पहिल्या छापील कादंबरीच्या संदर्भात 75 पौंडांचा 'ॲडव्हान्स' असा उल्लेख येतो. मराठीत 'आगाऊ मानधन' चालेल का?

— मुळीच नाही, अर्थ उलटा होईल. इथे पैसे लेखकाने प्रकाशकाला दिले. टिन्सली ब्रदर्सने जोखमीतला वाटा म्हणून 75 पौंड आधी भरून घेतले. तीन खंडांच्या 500 प्रती निघाल्या, त्यावर लेखकाचं नाव नव्हतं. हिशेब मिटला तेव्हा हार्डीच्या हातात जेमतेम 60 पौंड परत आले. 'छपाईखर्चापोटी लेखकाने आगाऊ भरलेली रक्कम' म्हणावं. लांबलचक होतं, पण चुकत नाही. 'स्वखर्चाने छापली' हेही नको, कारण सगळा खर्च त्याचा नव्हता.

— मग 'अंडर द ग्रीनवुड ट्री'चे (1872) 30 पौंड तरी मानधन का?

— तेही नाही. टिन्सलीने 30 पौंडांत कॉपीराइट विकत घेतला, म्हणजे तो स्वामित्वहक्काचा मोबदला. मानधन घेतलं तरी हक्क लेखकाकडे राहू शकतो, इथे तो गेला. पुढे हार्डीला हक्क परत हवे होते तेव्हा टिन्सलीने 300 पौंड सांगितले! 'मानधन' लिहिलं तर हा दहापट आकडा कुठून आला, हे वाचकाला कळणारच नाही. आणि 'स्वामित्वधन' म्हणजे रॉयल्टी, विक्रीच्या प्रमाणात मिळणारी. त्याची इथे गल्लत नको.

— 'थ्री-डेकर'ला 'तीन भाग' म्हटलं तर?

— 'खंड'च बरं. 'भाग' म्हटलं की पुढची कादंबरी किंवा मासिकातला हप्ता डोळ्यांपुढे येतो. ही एकच कादंबरी, तीन पुस्तकांत बांधलेली, किंमत साडेएकतीस शिलिंग. इतकी महाग वस्तू विकत कोण घेणार? गिऱ्हाईक म्हणजे मुडीसारखी वर्गणीची वाचनालयं. वर्षाला एक गिनी (21 शिलिंग) भरली की एका वेळी एक खंड घरी, त्यामुळे एकाच कादंबरीवर तीन वर्गणीदार गुंतत. वाचनालयांनी पाठ फिरवली की पुस्तक पडलंच. 'डेस्परेट रेमेडीज' प्रसिद्ध होऊन काही महिनेच झाले होते, तोवर एक्झेटर स्टेशनावर स्मिथ या पुस्तकविक्रेत्या कंपनीच्या जादा पुस्तकांच्या यादीत ती अडीच शिलिंगांना लागलेली हार्डीला दिसली. या 'रिमेंडर'ला 'रद्दी' म्हणू नका, 'उरलेल्या प्रतींची स्वस्तात विक्री' म्हणा.

— मासिकातून येणाऱ्या कादंबरीला मात्र 'क्रमशः' आहेच. हरिभाऊ आपट्यांच्या 'करमणूक'पासून रुळलेला शब्द.

— हो. 1874 साली 'कॉर्नहिल' मासिकामध्ये 'फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड' क्रमशः आली, तिचे 400 पौंड. हा पैसा प्रकाशकाकडून लेखकाकडे आला, तेव्हा इथे 'मोबदला' बिनधास्त लिहा.