तेल-भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा बंदच कराव्यात का?

गाळखडक

काल ‘हिरवळ’ यांची पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात भुणभुण राहिली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी सार: जगभरचे पेट्रोलियम भूवैज्ञानिक आणि ऊर्जा कंपन्यांची माणसं विमानं भरून एका शहरात जमतात, एकमेकांच्या गळ्यात पदकं घालतात, फलकावर ‘ऊर्जा संक्रमण’ असं लिहितात आणि घरी जातात. ही परिषद नव्हे, शोकसभा आहे, बंद करा. खाली टाळ्यांचा पाऊस. तिथे दोन ओळींत उत्तर मावेना म्हणून हा वेगळा धागा.

उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय! कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली गाडा असं तुमचीच मंडळी सांगतात ना? तो गाडणार कोण, कवी? नॉर्वेच्या समुद्रातल्या स्लाइप्नर वायूक्षेत्रात १९९६ पासून वर्षाला जास्तीत जास्त दहा लाख टनांच्या आसपास हा वायू उत्सिरा नावाच्या वाळूखडकात सोडतायत. त्या वाळूवरचं शेलचं (चिकणमातीच्या घट्ट खडकाचं) झाकण टिकेल की नाही, हे सिस्मिक, म्हणजे जमिनीत कंपनं सोडून घेतलेलं चित्र, वाचणाऱ्याच माणसांनी सांगितलं. ती माणसं तेलातच घडली. नव्या धर्तीच्या भूऔष्णिक विहिरींना आडवं ड्रिलिंग लागतं, ते इतकं पक्कं कुठे झालं? शेल खडकातून तेल-वायू काढताना. मालीमध्ये १९८७ साली पाण्यासाठी बोअर घेतली, त्यातून वारा आला, कुणीतरी सिगारेट पेटवली आणि भडका उडाला. तो वायू जवळजवळ शुद्ध हायड्रोजन होता. आज नैसर्गिक हायड्रोजनच्या सत्रांना उभं राहायला जागा नसते. ही सत्रं याच परिषदांत होतात.

तेव्हा ‘बंद करा’ म्हणण्याआधी आत एकदा डोकावून तरी या.

हिरवळ

डोकावले आहे. म्हणूनच लिहिलं.

तुम्ही फक्त स्लाइप्नर सांगितलंत. अल्जीरियातलं इन सालाह का नाही सांगितलं? २००४ ला सुरू झालं, जमीन वर उचलली जातेय हे उपग्रहातून दिसलं, झाकणखडकाची काळजी वाटू लागली आणि २०११ ला वायू सोडणं थांबवलं. नॉर्वेच्याच स्नोव्हितला २००८ ला सुरुवात केली, पण दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला आणि दुसऱ्या थरात जावं लागलं. तुमच्या मंडपात स्लाइप्नरची आरती रोज होते. बाकी दोघांचं नाव काढलं की सभापती घड्याळ बघतात.

आणि इतिहासाबद्दल बोलायचं तर अमेरिकेतल्या पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या ज्या संघटनेची तुम्ही मंडळी शपथ घेता, त्याच संघटनेने २००६ साली हवामानबदलाची काळजी हे थोतांड ठरवणाऱ्या कादंबरीच्या लेखकाला पत्रकारितेचा पुरस्कार दिला होता. कादंबरीला पत्रकारितेचा! सदस्यच भडकले तेव्हा पुढच्या वर्षी निवेदन सौम्य केलं, तेही ‘आमच्यात मतभेद आहेत’ छापाचं. वैज्ञानिक म्हणे.

तटस्थ_तरी_त्रस्त

पहिल्या रांगेत जागा धरून बसलोय. चालू द्या.

गाळखडक

२००६ चा पुरस्कार लाजिरवाणा होता. झालं समाधान? पण इन सालाह आणि स्नोव्हितबद्दल तुम्हाला जे माहीत आहे ते कुठून आलं? त्यांच्याच लोकांनी पेपर लिहिले म्हणून. घड्याळ बघणारे सभापती सगळ्याच क्षेत्रांत असतात हो.

कोरडी_विहीर

काका, पेपर लिहिले ते सरकारी पैसा आणि जगाचं लक्ष होतं म्हणून. साध्या ड्राय होलवर, म्हणजे कोरड्या निघालेल्या विहिरीवर, कुणी पेपर वाचलेला पाहिलाय का? मी दोन मंदी पाहिल्यात. २०१४ नंतरच्या पडझडीत आमच्या टीममधली निम्मी माणसं गेली, २०२० मध्ये मी गेलो. त्या एप्रिलमध्ये अमेरिकन तेलाचा वायदा शून्याखाली ३७ डॉलरवर गेला होता, आठवतंय ना? मला काढलं त्याच्या आदल्या वर्षी मी परिषदेत एका फसलेल्या विहिरीवर बोलायची परवानगी मागितली होती. सील म्हणजे वरचं झाकण नव्हतं, फॉल्टमधून म्हणजे खडकातल्या भेगेतून सगळं निसटून गेलं होतं. शिकण्यासारखी गोष्ट. कायदा विभागाचं उत्तर: नकाशातून अक्षांश-रेखांश काढा, ब्लॉकचं (शोधासाठी दिलेल्या क्षेत्राचं) नाव काढा, खोली काढा. मग उरलं काय? शीर्षक आणि माझं नाव. मी मागे घेतलं.

आणि त्याच सभागृहात दुसऱ्या एका कंपनीचा माणूस तेल सापडलेल्या विहिरीवर पाऊण तास बोलला. अक्षांश-रेखांशासकट.

हिरवळ

धन्यवाद. मला हेच म्हणायचं होतं, मला एवढं नीट जमलं नाही.

भिंगवाली

कोरडी_विहीर, वाईट वाटलं वाचून. पण यावरून ‘परिषद नको’ हा निष्कर्ष कसा निघतो? मी जाते ती भाषणांसाठी नाही, कोरसाठी, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या दांड्यांसाठी. टेबलांवर लांबच लांब खोकी, त्यात मधोमध चिरलेला कोर. स्प्रेने पाणी मारलं की थर असे उठून येतात की बास. भिंग लावायचं, आम्लाचा थेंब टाकायचा, फसफसलं तर चुनखडक, आणि खरवडून भुकटी केल्यावरच फसफसलं तर डोलोमाइट. शेजारी दुसऱ्या खंडातला अनोळखी माणूस उभा असतो, तो म्हणतो, हे आमच्याकडे भरतीच्या वाळूत बघितलंय. हे ऑनलाइन होत नाही.

बायनरी_बाबा

होतं. कोरचे सीटी स्कॅन आहेत, हायपरस्पेक्ट्रल फोटो आहेत, संगणकाचं मॉडेल काही मिनिटांत फेसीज (खडकाचे प्रकार) लावून देतं. विमानाने जाऊन दगडावर पाणी शिंपडायची हौस असेल तर हौस म्हणा, विज्ञान नका म्हणू.

भिंगवाली

मिनिटांत लावून देतं आणि मिनिटांत चुकवतं. ऐका. आमच्याकडे एक विहीर होती. रेझिस्टिव्हिटी लॉगवर (विहिरीत हत्यार सोडून खडकाचा विद्युतरोध मोजतात, त्या आलेखावर) तो पट्टा पाणी म्हणून सोडून दिला होता, कारण आकडा खाली. लॉगचं हत्यार साधारण फूट-दोन फुटांची सरासरी घेतं. कोर काढला तर दिसलं काय? बोटभर जाडीचे वाळूचे थर आणि मध्ये शेल, एकाआड एक. शेल वीज वाहून नेतं, म्हणून आकडा खाली. अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली धरला तर वाळूची प्रत्येक रेघ सोनेरी पिवळी चमकली. तेल होतं! तुमच्या मॉडेलला लॉग खायला घातला असता तर त्याने ‘पाणी’ असंच ओरडून सांगितलं असतं.

बायनरी_बाबा

एक विहीर म्हणजे पुरावा नाही, आठवण आहे. लो रेझिस्टिव्हिटी पे (रोध कमी दाखवणारा तेलाचा थर) ही जुनीच गोष्ट आहे, त्यासाठी इमेज लॉगसारखी बारीक थर ओळखणारी हत्यारं आहेत, ट्रायअ‍ॅक्सियल इंडक्शन आहे. आणि तुमचा तो यूव्ही दिवा काही खनिजं पाहूनसुद्धा चमकतो.

भिंगवाली

म्हणूनच वर सॉल्व्हंटचा थेंब टाकून कट, म्हणजे तेल विरघळून पसरतं का ते, बघतात. शिकवू नका.

मातीचा_लॉग

दोघांचंही ऐकतोय. मी रिगवरचा मड लॉगर, विहिरीतून वर येणारा चुरा तपासणारा. कोर काढायला पैसे लागतात, म्हणून बहुतेक विहिरींत कोर नसतोच. असतात फक्त कटिंग्ज, म्हणजे ड्रिलिंगचा चुरा. तेही लॅग टाइम, म्हणजे चुरा वर यायला लागणारा वेळ, चुकला तर एका खोलीचा चुरा दुसऱ्या खोलीच्या नावावर जातो. वरून बाजूचा ढासळलेला शेल मिसळलेला. रात्री तीनला पिशवीवर कुणी काय लिहिलं यावर तुमचं सगळं मॉडेल उभं आहे. बाबा, तुमच्या डेटामध्ये माझं अक्षर आहे. ते बघाल तर मॉडेल बंद कराल.

परिषदेला मला कधी कुणी पाठवलं नाही, ते वेगळंच.

बायनरी_बाबा

हे मात्र मान्य. तुमचं अक्षर हा खरा अनिश्चिततेचा स्रोत आहे.

तटस्थ_तरी_त्रस्त

मूळ विषय परिषदा बंद कराव्यात का, हा होता. आता कोर चाटावा का, यावर आलोय.

भिंगवाली

चाटतात. सिल्ट की चिकणमाती हे दातांना चटकन कळतं. तुम्हाला हसू येतंय, येऊ दे.

बायनरी_बाबा

इतक्या विलक्षण कार्यपद्धतीवर अब्जावधी डॉलरच्या विहिरी खोदल्या जातात हे वाचून झोप उडाली.

भिंगवाली

अब्जावधी डॉलरच्या विहिरी मॉडेलवर खोदून कोरड्या निघाल्या की कुणाला बोलावतात माहितीये? कोरच्या गोदामात, आम्हाला. तेव्हा तुमच्यातला कुणी तिथे दिसत नाही.

गाळखडक

अहो, दोघेही जरा थांबा. धागा माझा आहे. भिंगवाली म्हणतात ते खरं, पण परिषदेची किंमत फक्त कोरमध्ये नाही. १९२६ ला न्यूयॉर्कमध्ये याच तेलवाल्यांच्या संघटनेने खंडवहनावर, म्हणजे खंडं सरकतात या कल्पनेवर, परिसंवाद भरवला होता. वेगेनर या जर्मन शास्त्रज्ञाची ही कल्पना तेव्हा अमेरिकेत जवळजवळ शिवीच होती. भरवणारे फान वाटरशूट फान डेर ग्राख्त स्वतः त्या बाजूचे. विद्यापीठांना जे बोलायला नको होतं ते तेलवाल्यांनी व्यासपीठावर आणलं.

हिरवळ

आणि त्या व्यासपीठावर बहुतेकांनी ते धुडकावून लावलं, हे सांगायचं विसरलात? खंडं सरकतात हे मान्य व्हायला पुढे चार दशकं लागली. छान उदाहरण दिलंत, फक्त माझ्या बाजूचं.

गाळखडक

धुडकावलं, पण छापलं. १९२८ ला सगळं पुस्तकरूपात आलं, विरोधकांसकट. आणि पुढे त्याच कल्पनेवर तेल सापडलं. २००७ ला घानाजवळ जुबिली तेलक्षेत्र मिळालं, तेव्हा लोकांनी नकाशावर अटलांटिक मिटवून पाहिला आणि म्हणाले, पलीकडच्या काठावरही असंच असणार. २०११ ला फ्रेंच गयानाजवळ झेड्युस ही विहीर लागली.

कोरडी_विहीर

झेड्युसनंतरच्या विहिरींचं काय झालं, तेही सांगा ना. एकामागून एक निराशा. बघा, तुम्हीसुद्धा कोरड्या विहिरींच्या जागी टिंब टिंब ठेवता. सवय जात नाही.

गाळखडक

आणि २०१५ ला त्याच किनाऱ्यावरच्या गयाना देशात लिझा ही विहीर लागली, ज्या ब्लॉकमधून एक बडी कंपनी त्याआधीच निघून गेली होती. अकरा अब्ज बॅरलहून जास्त साठा निघाला तिथे. चिकाटी म्हणतात त्याला.

हिरवळ

अकरा अब्ज बॅरल. २०२१ ला आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने सांगितलं होतं की नेट झीरोच्या (निव्वळ शून्य उत्सर्जनाच्या) वाटेवर आधीच मंजूर झालेल्यांपलीकडे नवी क्षेत्रं लागत नाहीत. तुम्ही अकरा अब्ज म्हणून छाती फुगवताय. यालाच मी शोकसभा म्हणाले होते. मेलेल्याला नवे कपडे.

गाळखडक

त्याच संस्थेने २०२५ ला काय सांगितलं तेही वाचा. गुंतवणूक आज थांबवली तर पुढच्या दशकात तेलाचं उत्पादन वर्षाला सरासरी सुमारे ८ टक्क्यांनी घसरेल. मागणी तेवढ्या वेगाने घसरतेय का? विहीर म्हातारी होते, ताई. नुसतं उभं राहायचं म्हटलं तरी पळावं लागतं. एकच अहवाल वाचायचा आणि दुसरा कपाटात, हे तुम्हालाही शोभत नाही.

हिरवळ

दोन्ही वाचले आहेत. दुसरा ‘काय होईल’ ते सांगतो, पहिला ‘काय करायला हवं’ ते. फरक कळत नसेल तर वाद थांबवू.

असो. ‘बंद करा’ हे रागाच्या भरात होतं, हे मान्य करून तुम्हाला आनंद देते. बंद नका करू. एक पूर्ण दिवस फसलेल्या विहिरींचा ठेवा, खोलीसकट, ब्लॉकच्या नावासकट. इन सालाहवर उद्घाटनाचं भाषण. कायदा विभागाला बाहेर चहा द्या. मग मी तिकीट काढून येते.

कोरडी_विहीर

मग मीही येतो. स्लाइड्स तयार आहेत. त्या कंपनीत आता मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही, पण गुप्ततेचा करार अजून जिवंत आहे.

गाळखडक

आयोजन समितीला सुचवता येईल. मंजूर होईल असं म्हणत नाही. कायदा विभाग चहाला बाहेर जात नाही.

बायनरी_बाबा

भिंगवाली, एक शेवटचं. त्या बोटभर थरांच्या कोरचे यूव्हीतले फोटो आहेत का? मॉडेलला तेच दाखवून बघतो, बघू ओळखतं का.

भिंगवाली

आहेत. कंपनीचे आहेत. देता येणार नाहीत.

बायनरी_बाबा

वा. म्हणजे फोटो दाखवायचे नाहीत, आणि मॉडेलला जमलं नाही की म्हणायचं, बघा कसं चुकलं.

मातीचा_लॉग

माझं अक्षर हवं असेल तर पाठवतो. त्यावर कुणाचाच हक्क नाही, वाचताच येत नाही.