दुकानातला ‘घोस्ट श्रिम्प’ आणि पुस्तकातला कॅलिअनासा एकच का?

सिडकोवाला_टाकी:
परवा 10 घोस्ट श्रिम्प आणले. अंग काचेसारखं, खाल्लेलंही आरपार दिसतं. लेकीला आठवीच्या प्रकल्पात वर्गीकरण लिहायचंय. मोबाइलवर शोधलं तर कॅलिअनासा निघाला: समुद्राच्या वाळूत बीळ, एक नांगी भलीमोठी. आमचे बापडे पानांवर चरतात! दुकानदार म्हणतो, “साहेब, झिंगा तो झिंगा.” लेक ऐकेना. वही उद्या द्यायचीय.

पंचवटीचे_मास्तर:
लेकीला शाबासकी द्या. नाव एक, प्राणी दोन. तुमचे बहुधा कॅरिडिया गटातले, गोदावरीतल्या लांब नांग्यांच्या झिंग्यांचे भाऊबंद. कॅलिअनासा ॲक्सिडिया गटातला, कोळंबीपेक्षा खेकड्याला जवळचा. खात्री करायची तर भिंग घ्या, मागून बॅटरी धरा. पोटाच्या दुसऱ्या खंडाची बाजूची पट्टी पहिल्या आणि तिसऱ्या, दोन्ही खंडांवर चढली असेल तर कॅरिडियाच.

आता कॅलिअनासाचं. ही प्रजाती (म्हणजे जीनस, अनेक जातींचा गट) इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ लीचनं 1814 मध्ये मांडली. पुढं बिळात राहणारा, मऊ अंगाचा जो सापडेल तो तिच्यात कोंबला गेला. आमच्या घरातला माळा तसाच भरलाय. कॅलिफोर्नियाची जात डेनानं 1854 मध्ये तिथंच टाकली. मॅनिंग आणि फेल्डर यांनी 1991 मध्ये ती बाहेर काढून निओट्रायपिया ही नवी प्रजाती केली. आम्ही शिकलो तेव्हा चिखलात बीळ करणाऱ्या उपोजेबियासकट सगळी मंडळी थॅलॅसिनिडिया या एकाच गटात होती. आता तो गट मोडून ॲक्सिडिया आणि गेबिडिया झालेत. बिळात राहून या दोन्ही गटांचा तोंडवळा सारखा झाला, रक्ताचं नातं तितकं जवळचं नाही.

कालवंप्रेमी:
तो निओट्रायपिया भारी उपद्व्यापी! अमेरिकेत विलापा उपसागरात वाळू उकरून इतकी भुसभुशीत करतो की शेतीतली कालवं रुतून मरतात. 1963 पासून तिथं त्याच्यावर कार्बारिल हे कीटकनाशक मारायचे.

सिडकोवाला_टाकी:
मास्तर, पाहिलं. पट्टी दोन्हीकडे चढलीय. वहीत कॅरिडिया लिहिलं. पण एकीच्या पोटाखाली हिरवे ठिपके दिसतायत, रोग तर नाही ना?

पंचवटीचे_मास्तर:
अंडी आहेत. टाकीत गप्पी असतील तर तिला आजच वेगळ्या बरणीत काढा, नाहीतर पिल्लं सुटली की फस्त.

सिडकोवाला_टाकी:
गप्पी 14 आहेत. लोणच्याची बरणी धुतोय.