फॉरेन्सिकचा डिप्लोमा : शुक्रवारपर्यंत फी भरायची आहे, मदत हवी

घाईत_आहे
नमस्कार. धाकट्या बहिणीला फॉरेन्सिकमध्ये जायचंय. एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा मिळतोय, फी ८५ हजार. शुक्रवार शेवटचा दिवस. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतात. भरू की नको, एवढंच सांगा. गुगल कर म्हणू नका, करून झालंय.

रसायनी
बारावी झालीये की पदवी? ग्रुप कुठला? राहता कुठे?

भाऊ_पाटील
डॉक्टर करा तिला. एमबीबीएस, मग फॉरेन्सिकमध्ये एमडी. पोस्टमॉर्टेम डॉक्टरच करतो, बाकीचे नुसते बाटल्या धुतात. आमचा मेहुणा सिव्हिलला आहे, म्हणून सांगतो.

घाईत_आहे
पदवी होईल यंदा. बीएस्सी. एमबीबीएस मध्येच कुठून आलं?

रसायनी
बीएस्सी कशात, ते सांगा की.

अनुस्वार
पाटीलसाहेब, तुमचे मेहुणे न्यायवैद्यकातले, म्हणजे पोस्टमॉर्टेमवाले डॉक्टर. ही मुलगी विचारतेय न्यायसहायक विज्ञानाबद्दल, म्हणजे प्रयोगशाळेत पुरावे तपासण्याबद्दल. मुंबईत कालिन्याच्या प्रयोगशाळेचं नावही 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' असंच आहे. मराठीत दोन स्वच्छ शब्द असताना सगळ्यालाच फॉरेन्सिक म्हटलं की असा घोळ होतो.

चहाबाज
मुलगी नाही, मुलीचा भाऊ विचारतोय. बाकी चालू द्या.

घाईत_आहे
बॉटनी. एसवायपर्यंत केमिस्ट्री होती. सातारा. अजून काय पाहिजे, आधार कार्ड?

रसायनी
चिडू नका, यावरच सगळं अडलंय. मी रसायनशास्त्रात एमएस्सी करून एका प्रादेशिक प्रयोगशाळेत कंत्राटावर वैज्ञानिक सहायक होतो, विषशास्त्र विभागात. व्हिसेरा, म्हणजे पोस्टमॉर्टेममध्ये काढलेले अवयव, येतो मिठाच्या संपृक्त द्रावणात. त्यातून विष वेगळं काढायचं, मग यंत्रावर लावायचं. शेजारच्या टेबलावर दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांची रक्तं, १०० मिलीत ३० मिलिग्रॅमची रेघ ओलांडली की नाही बघायला. सांगायचा मुद्दा, दिवसभर केमिस्ट्रीच. या प्रयोगशाळांच्या संचालनालयाच्या जुन्या नोकरीच्या जाहिराती काढा आणि पात्रतेचा रकाना वाचा. प्रत्येक पदाला कुठली पदवी, कुठला विषय ते तिथे दिलेलं असतं. तुमच्या त्या डिप्लोमाचं नाव दिसतं का, तेही बघा.

ल्युमिनॉल
असहमत. म्हणजे केमिस्ट्री न केलेल्यांनी घरी बसायचं का? मी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेतून बीएस्सी केलंय, संभाजीनगरला. पहिल्या वर्षापासून ठसे, दस्तऐवज, रक्तगट, सायबर, सगळं हाताखालून गेलं. एमएस्सीवाल्यांना घटनास्थळावरचा नमुना कागदी पाकिटात का भरायचा, हे आल्यावर शिकवावं लागतं.

रसायनी
ओलं रक्त प्लॅस्टिकमध्ये कुजतं. दुसऱ्या दिवशी शिकलो, तीन वर्षं लागली नाहीत.

ल्युमिनॉल
आणि आम्ही क्रोमॅटोग्राफ, तुमचं ते मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र, पहिल्या दिवशी शिकलो. असो. दादा, बॉटनी वाया जात नाही. परागकण, डायटम (पाण्यातली सूक्ष्म शेवाळं), विषारी झाडं, धोतरा, कण्हेर, हे सगळं लागतं. पण ऑनलाइन डिप्लोमात सूक्ष्मदर्शकाला डोळा कसा लावणार? तिला एमएस्सी करू दे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाची प्रवेश परीक्षा असते, गोव्यातही कॅम्पस आहे. कुठल्या शाखेला बॉटनी चालते ते माहितीपत्रकातून आधी बघा.

शब्दांकित
एवढं लांब कशाला? हस्ताक्षरशास्त्राचा कोर्स करा. मी वीकेंडला केला, शेकडो सह्या वाचल्या. माणसाचा स्वभाव सहीत उतरतो.

काळा_कोट
स्वभाव ओळखणं वेगळं आणि सही खोटी आहे का हे ठरवणं वेगळं. दुसऱ्या कामाला दस्तऐवज तज्ज्ञ लागतो. पहिल्या कामाची माणसं साक्षीला आली की उलटतपासणीत आम्हाला फार कष्ट पडत नाहीत.

धागाकर्ते, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७६(३) दाखवून डिप्लोमा विकतायत का? ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात तज्ज्ञाने घटनास्थळी गेलंच पाहिजे, म्हणून जागाच जागा, वगैरे? कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे हे खरं. पण या तरतुदीसाठी राज्यांना ५ वर्षांपर्यंत मुदत आहे. आणि जागा निघाल्या तरी भरती पात्रता बघूनच होते.

घाईत_आहे
हो!! हेच सांगितलं त्यांनी, कलमासकट.

भाऊ_पाटील
ठसे म्हणजे पोलीसच ना? तिला पोलीस भरतीला बसवा, उंची किती?

काळा_कोट
ठशांचं काम राज्यात सीआयडीकडे आहे, पुण्याला. प्रयोगशाळा वेगळी. पुण्यात केंद्राचीही एक प्रयोगशाळा आहे, तिथल्या अधिकारी पदांची जाहिरात यूपीएससी काढते. साताऱ्याहून तेवढं लांब नाही.

चहाबाज
साताऱ्याहून पुणे खंबाटकी घाट मोकळा असेल तर लांब नाही.

अनुस्वार
ठशांवरून आठवलं, ठशांचं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात निघालं. श्रेय साहेबाला गेलं, वर्गीकरणाचं काम अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं.

रसायनी
मी विचारतो ते सांगा. तो डिप्लोमा कुठल्या विद्यापीठाचा? प्लेसमेंट कुठे, नोकरीचं पद काय, हे लेखी दिलंय? आणि फी भरलेली नाही ना अजून?

घाईत_आहे
विद्यापीठाचं नाव 'संलग्न' एवढंच आहे. प्लेसमेंटचं फोनवर बोलले. फी नाही भरली. सीट अडकवायला पाच हजार दिलेत फक्त.

ल्युमिनॉल
फक्त?! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं, दादा.

काळा_कोट
पावतीवर काय लिहिलंय?

घाईत_आहे
पावती व्हॉट्सॲपवर आली. हाताने लिहिलेली. 'परत मिळणार नाही' असं खाली आहे, सही वाचता येत नाही.

काळा_कोट
रद्द करत असल्याचा ईमेल आजच करा, पाच हजार परत मागा आणि पावतीचा फोटो जोडा. फोनवर बोलू नका. बाकीचे ८० हजार अजून तुमच्याकडे आहेत ना, ते तसेच राहू द्या.

शब्दांकित
सहीचा फोटो टाका, स्वभाव लगेच सांगतो.