मदत हवी आहे : काली नदीचा उगम दाखवणारे जुने नकाशे

भारत-नेपाळ सीमेवरील काली नदीवर भूगोलाच्या विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहीत असून एका मुद्द्यावर अडलो आहे. ईस्ट इंडिया कंपनी व नेपाळ यांच्यातील, १८१६ साली लागू झालेल्या सुगौलीच्या तहाने काली ही नेपाळची पश्चिम सीमा ठरवली, मात्र तिचा उगम कोठे हे त्यात सांगितलेले नाही, आणि सगळा वाद तिथूनच निघतो. सीमेवरील गुंजी गावाजवळ दोन प्रवाह मिळतात. लिंपियाधुरा खिंडीकडून येणारी कुठी यांक्ती ही नदी हीच मूळ काली, असे नेपाळ म्हणतो, तर भारत कालापानी येथील झऱ्यांपासून काली धरतो.

तहाचे पाचवे कलम वाचले आहे. १८१७ साली टिंकर व छांगरू ही गावे नेपाळला मिळाली, पण कुठी व नाबी मिळाली नाहीत, हेही टिपणात घेतले आहे. उपग्रहचित्रे पाहिली, पण त्यांवरून आजचा प्रवाह कळतो, तहाच्या वेळी काली हे नाव कोणत्या प्रवाहाला होते ते कळत नाही.

नेपाळ ज्यांचा दाखला देतो ते १८२७ व १८५६चे ब्रिटिश नकाशे आणि भारताच्या बाजूने मांडला जाणारा १८७९चा नकाशा मला शेजारी-शेजारी ठेवून दाखवायचे आहेत. वृत्तपत्रांतली कात्रणे नकोत, कारण त्यांत नेमकी नदीची नावेच पुसट असतात. दिल्लीला जाणेही सध्या शक्य नाही. या तिन्ही नकाशांच्या, नदीची नावे वाचता येतील अशा पूर्ण प्रती पुण्या-मुंबईतील कोणत्या ग्रंथालयात किंवा कोणत्या खुल्या डिजिटल संग्रहात पाहायला मिळतील?